आजार पांढऱ्या पेशींचा, उपचारही पांढऱ्या पेशींचाच : एमिली व्हाइटहेडचं प्रकरण

आधीची हकिगत

एमिली व्हाइटहेड ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली मुलगी. मे २०१० मध्ये, पाच वर्षांची असताना, तिला बी-पेशींचा (प्रतिपिंडं बनवण्याच्या कामातल्या पांढऱ्या पेशींचा) अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एक रक्ताचा कर्करोग, असल्याचं निदान झालं. लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच, आणि बरा होण्यातही तो पुढे आहे. चांगल्या केंद्रांत निव्वळ केमोथेरपीवर दहातली साडेआठ-नऊ मुलं बरी होतात. एमिली उरलेल्यांत निघाली. पहिल्या केमोनं आजार दबला, पण ऑक्टोबर २०११ मध्ये उलटला. पुन्हा केमो दिली, पुन्हा उतार पडला आणि बोन मॅरो (हाडांतली, रक्त बनवणारी मज्जा) प्रत्यारोपणाची तयारी सुरू झाली. प्रत्यारोपण व्हायच्या आत, फेब्रुवारी २०१२ मध्ये, आजार दुसऱ्यांदा उलटला. या वेळी क्लोफॅरॅबिन, इटोपोसाइड आणि सायक्लोफॉस्फामाइड या जोरकस मिश्रणालाही तो बधला नाही. मज्जेत ल्युकेमिया भरलेला असताना प्रत्यारोपण केलं तर तो बहुतेक वेळा परत येतो, त्यामुळे तीही वाट बंद झाली.

१७ एप्रिल २०१२ रोजी फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात डॉ. स्टीफन ग्रप यांच्या देखरेखीखाली तिला तिच्याच टी-पेशी (बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी), जनुकीय बदल करून, परत देण्यात आल्या. त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. कार्ल जून यांच्या गटानं तयार केल्या होत्या. त्याआधी मोजक्या प्रौढ रुग्णांवर हा प्रयोग झाला होता, या चाचणीतली पहिली बालरुग्ण एमिली. पुढच्या महिनाभरात जे घडलं त्याची तपशीलवार नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज अशा बदललेल्या, म्हणजे कार टी-पेशी देणारं प्रत्येक केंद्र त्यातून आलेल्या नियमांवर चालतं.

हे प्रकरण अभ्यासाला घ्यायचं कारण असं की इथे आजार, औषध, औषधाचा अपाय आणि नंतरची उणीव या चारही ठिकाणी पांढऱ्या पेशीच आहेत, पण दर वेळी वेगळ्या. उपचाराचा प्रत्येक निर्णय ‘आत्ता कोणती पांढरी पेशी काय करते आहे’ यावर ठरला. हे ओळखायला वेळ लागला तेव्हा मुलगी व्हेंटिलेटरवर गेली होती.

आजारी पेशी : रिपोर्टवरचा एकच आकडा का पुरत नाही

रक्ताच्या रिपोर्टवर ‘टोटल डब्ल्यूबीसी’ म्हणून जो आकडा येतो (निरोगी प्रौढात साधारण ४,००० ते ११,००० प्रति मायक्रोलिटर) त्यात न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल हे पांढऱ्या पेशींचे सगळे प्रकार एकत्र मोजलेले असतात. ल्युकेमियात हा आकडा ८०,००० असू शकतो, २,००० असू शकतो आणि अगदी नॉर्मलही असू शकतो. घरच्यांचा गोंधळ इथेच होतो. ‘पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे ताकद वाढली’ किंवा ‘नॉर्मल आल्या म्हणजे बरं झालं’ ही दोन्ही अनुमानं चुकीची. पाहायचं ते काचपट्टीवर : ब्लास्ट, म्हणजे वाढ अर्ध्यावर अडकलेल्या पेशी, किती आहेत. आणि खरा निर्णय मज्जेच्या तपासणीवर होतो.

एमिलीच्या आजारात बी-लिम्फोसाइट तयार होण्याच्या वाटेवरची एक पेशी पक्व व्हायची थांबली आणि नुसती विभागत राहिली. तिच्या संततीनं मज्जा व्यापली की तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल यांना जागा उरत नाही. फिकेपणा, अंगावर निळे डाग, सतत ताप, हाडं दुखणं ही लक्षणं या गर्दीतून येतात.

मग शरीरातल्या टी-पेशी काय करत होत्या? टी-पेशीला हल्ला करायला दोन खुणा लागतात : समोरच्या पेशीनं आपल्या पृष्ठभागावर धरून दाखवलेला परका तुकडा, आणि सोबत ‘हो, हल्ला कर’ असा दुसरा इशारा. ल्युकेमियाच्या पेशी शरीराच्याच असल्यामुळे परकं असं फारसं दाखवत नाहीत आणि दुसरा इशारा जवळजवळ देतच नाहीत. टी-पेशी शेजारून निघून जातात.

टी-पेशी काढणं आणि घडवणं

हे कोडं सोडवायला टी-पेशीवर एक कृत्रिम ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ठरावीक प्रथिन पकडणारी रचना) बसवतात, त्यालाच कार म्हणतात. एमिलीच्या पेशींवरचा ग्राहक चार भागांचा होता. बाहेरच्या टोकाला सीडी१९ हे प्रथिन पकडणारा प्रतिपिंडाचा तुकडा, मूळ उंदराचा. त्याखाली सीडी८ प्रथिनातून घेतलेला दांडा, जो पेशीच्या आवरणातून आरपार जातो. आतल्या बाजूला ४-१बीबी नावाचा भाग, जो दुसऱ्या इशाऱ्याची उणीव भरून काढतो आणि पेशीला टिकवून धरतो. सगळ्यात आत सीडी३-झीटा, जो ‘मार’ हा संदेश देतो. सीडी१९ बी-पेशींच्या जवळजवळ सगळ्या अवस्थांवर असतं, पण रक्त बनवणाऱ्या मूळपेशींवर नसतं. म्हणून हे लक्ष्य निवडलं : बी-पेशी सगळ्या गेल्या तरी बाकीचं रक्त पुन्हा तयार होऊ शकतं.

पेशी काढण्याचं काम ल्युकाफेरेसिसच्या यंत्रावर होतं. एका नळीनं रक्त बाहेर येतं, यंत्र फिरवून लिम्फोसाइटचा (टी-पेशी याच गटातल्या) थर वेगळा करतं, बाकीचं रक्त दुसऱ्या नळीनं परत जातं. साधारण तीन ते सहा तास लागतात. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं आखडली तर कॅल्शियम द्यावं लागतं. लहान मुलं हे सांगत नाहीत, नुसती चिडचिडी होतात, त्यामुळे लक्ष ठेवावं लागतं.

एमिलीच्या बाबतीत सगळ्यात शहाणपणाचा निर्णय इथे झाला : शेवटची जोरकस केमो देण्याच्या आधीच तिच्या पेशी काढून ठेवल्या होत्या. केमोनंतर लिम्फोसाइट कमी उरतात आणि उरतात त्याही थकलेल्या. असं बियाणं पेरलं तर उगवत नाही. आज बहुतेक केंद्रं लिम्फोसाइटची संख्या ५०० प्रति मायक्रोलिटरच्या वर असावी असं पाहतात, आणि स्टिरॉइड किमान तीन दिवस आधी बंद करतात. भारतात नेमकी हीच गोष्ट चुकते. रुग्ण तिसऱ्या-चौथ्या केमोनंतर कार टी-पेशींची चौकशी करायला येतो, तोवर काढण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. आजार पहिल्यांदा उलटला की लगेच विचारणा करायला हवी.

प्रयोगशाळेत टी-पेशींना सीडी३ आणि सीडी२८ यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं लावलेल्या चुंबकीय मण्यांनी जागं करतात. मग एचआयव्हीच्या कुळातला, रोग करण्याची क्षमता काढून टाकलेला लेंटिव्हायरस वापरून ग्राहकाचं जनुक पेशीत घालतात. नऊ-दहा दिवस पेशी वाढवतात, चुंबकानं मणी काढून टाकतात आणि गोठवतात. पिशवी बाहेर पडण्यापूर्वी जंतू, मायकोप्लाझ्मा, एंडोटॉक्सिन, जिवंत पेशींचं प्रमाण, ग्राहक बसलेल्या पेशींचं प्रमाण आणि पिशवीत चुकून राहिलेल्या बी-पेशी हे सगळं तपासतात. शेवटची तपासणी किती महत्त्वाची आहे ते पुढे येईलच.

दिवस शून्य

एमिलीला दर किलो वजनामागे सुमारे १ कोटी २० लाख कार टी-पेशी, सलग तीन दिवसांत विभागून दिल्या. तुलनेसाठी : आज याच औषधाची मंजूर मात्रा ५० किलोपर्यंतच्या रुग्णाला किलोमागे २ लाख ते ५० लाख पेशी अशी आहे. मात्र नेहमीच्या औषधाच्या मात्रेसारखा या आकड्याचा अर्थ लावू नये. या पेशी शरीरात गेल्यावर वाढतात, आणि एमिलीत त्या सुरुवातीच्या हजार पटींहून जास्त झाल्या. किती वाढतील हे किती दिल्या यापेक्षा समोर सीडी१९ असलेल्या पेशी किती आहेत यावर जास्त ठरतं. तिच्या मज्जेत ल्युकेमिया ठासून भरलेला होता, म्हणजे खाद्य भरपूर होतं.

आज पेशी देण्याआधी जागा मोकळी करायला चार दिवस फ्लूडॅरॅबिन (दररोज ३० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर) आणि पहिले दोन दिवस सायक्लोफॉस्फामाइड (५०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर) देतात. त्यानं आधीच्या लिम्फोसाइट कमी होतात, म्हणजे नव्या पेशींना आयएल-७ आणि आयएल-१५ या वाढीच्या रसायनांत वाटेकरी उरत नाहीत.

पिशवी चढवताना वॉर्डमध्ये ज्या चुका होतात त्या साध्या असतात, पण लाखो रुपयांच्या पडतात. पहिली : रक्त चढवायच्या सवयीनं नर्सनं पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर लावला तर औषध पूर्ण फिल्टरमध्येच अडकतं. या पिशवीला तो फिल्टर लावायचाच नाही. दुसरी : उणे १२० अंशांखाली ठेवलेली पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवली की अर्ध्या तासात संपवायची. डॉक्टर राउंडवर आहेत, शीर मिळत नाही, अशा कारणांनी पिशवी ट्रेमध्ये पडून राहिली तर गोठवताना घातलेलं डायमिथाइल सल्फॉक्साइड पेशी मारत बसतं. (याच रसायनाचा लसणासारखा वास नंतर दिवसभर रुग्णाच्या श्वासाला येतो, घाबरायचं कारण नसतं.) तिसरी : रक्त किंवा प्लेटलेट चढवण्याआधी ज्याप्रमाणे काही ठिकाणी स्टिरॉइडचं इंजेक्शन सहज दिलं जातं, ते इथे द्यायचं नाही. पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीविरोधी औषध पुरतं.

दिवस एक ते सात : वादळ

पहिल्याच दिवशी एमिलीला बारीक ताप आला. चौथ्या दिवसापर्यंत तो खूप चढला. पाचव्या दिवशी तिला अतिदक्षता विभागात हलवलं. रक्तदाब टिकेना, फुफ्फुसात पाणी भरायला लागलं, व्हेंटिलेटर आणि रक्तदाब वाढवणारी औषधं लागली.

अशा वेळी प्रत्येक डॉक्टरच्या मनात पहिला विचार जंतुसंसर्गाचा येतो आणि तो यायलाच हवा. कारण केमोनंतर जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नाहीशा झालेल्या असतात. किती, हे दर सकाळी मोजायचं : एकूण पांढऱ्या पेशी १,२०० आणि त्यात न्यूट्रोफिल ३० टक्के असतील तर प्रत्यक्ष संख्या ३६०. ती ५०० च्या खाली असताना ताप आला की रक्ताचं कल्चर घेऊन तासाभरात व्यापक अँटिबायोटिक सुरू करतात, रिपोर्टची वाट पाहत नाहीत. कार टी-पेशींच्या तापातही हा नियम मोडायचा नाही. दोन्ही ताप एकसारखे दिसतात आणि दोन्ही एकत्रही असू शकतात.

एमिलीचा ताप मात्र जंतूंचा नव्हता. हे पेशींनी उठवलेलं सायटोकाइनचं, म्हणजे पेशी एकमेकींना इशारे द्यायला सोडतात त्या रसायनांचं, वादळ होतं. पुढे, २०१८ मध्ये, उंदरांवरच्या दोन स्वतंत्र प्रयोगांनी या वादळाचं मूळ दाखवलं. टी-पेशी ल्युकेमियाला भिडल्या की जी रसायनं सोडतात त्यांनी आजूबाजूच्या मोनोसाइट आणि मॅक्रोफेज पेटतात, आणि आयएल-६ व आयएल-१ या सायटोकाइनचा मोठा भाग या दुसऱ्या पांढऱ्या पेशींकडून येतो. मारणारी पेशी वेगळी, वादळ उठवणारी वेगळी. आयएल-६ रक्तवाहिन्या गळक्या करतं, रक्तदाब पडतो, फुफ्फुसात द्रव उतरतो; यकृताला सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन बनवायला लावतं; फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन हजारोंनी वाढतं.

स्टिरॉइड की टोसिलिझुमॅब

पाचव्या दिवशी एमिलीला मोठ्या मात्रेत स्टिरॉइड दिलं. ताप थोडा वेळ उतरला, रक्तदाब मात्र सुधारला नाही. स्टिरॉइडची अडचण अशी की ते सरसकट मारतं : मॅक्रोफेज थंडावतात, पण टी-पेशीही. म्हणजे वादळ शमवताना औषधच मारून टाकण्याचा धोका. आज नियम वेगळे आहेत आणि थोडेच दिवस दिलेलं स्टिरॉइड कार टी-पेशींचा परिणाम फारसा घालवत नाही असा अनुभव आहे. पण २०१२ मध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं.

तिच्या रक्तातल्या सायटोकाइनची मोजणी केली तेव्हा आयएल-६ आधीच्या पातळीच्या कितीतरी पटींनी वर गेलेलं दिसलं. आयएल-६ चा ग्राहक अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध लहान मुलांच्या संधिवातासाठी अमेरिकेत जेमतेम वर्षभर आधी, एप्रिल २०११ मध्ये, मंजूर झालं होतं, त्यामुळे बालरुग्णालयाच्या औषधसाठ्यात ते होतं. ल्युकेमियाशी त्याचा काही संबंध नव्हता. सातव्या दिवशी एटॅनर्सेप्ट (टीएनएफ हे आणखी एक सायटोकाइन अडवणारं) आणि टोसिलिझुमॅब दोन्ही दिली. काही तासांत ताप उतरला. त्यानंतर रक्तदाबाची औषधं कमी झाली आणि व्हेंटिलेटर सुटला. २ मे रोजी, सातव्या वाढदिवशी, ती शुद्धीवर आली.

आणि टी-पेशी? त्यांचं काम सुरूच राहिलं. टोसिलिझुमॅब मॅक्रोफेजनी सोडलेल्या संदेशाचा मार्ग अडवतं, टी-पेशीच्या पर्फोरिन-ग्रँझाइमच्या हत्यारांना हात लावत नाही. या प्रकरणानं दिलेला सगळ्यात उपयोगी धडा माझ्या मते हाच आहे, ल्युकेमिया बरा झाला यापेक्षाही. कारण अपाय आवरता येतो हे त्या सातव्या दिवशी दिसलं नसतं, तर मुलांमधली चाचणी तिथेच थांबली असती.

आज वादळाच्या चार पायऱ्या मानतात. फक्त ताप, म्हणजे ३८ अंश सेल्सियस किंवा त्यावर, ही पहिली. रक्तदाब पडला पण सलाइननं सावरला किंवा थोडा ऑक्सिजन लागला तर दुसरी. रक्तदाबाचं एक औषध किंवा जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन लागला तर तिसरी. एकाहून जास्त औषधं किंवा व्हेंटिलेटर लागला तर चौथी. दुसऱ्या पायरीवर टोसिलिझुमॅब देतात, ३० किलो आणि त्यावरच्या रुग्णाला किलोमागे ८ मिलिग्रॅम, त्याखालच्याला १२ मिलिग्रॅम, एका वेळी ८०० मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि गरज पडली तर आठ तासांनी पुन्हा. पेशींची पिशवी वितळवण्यापूर्वी निदान दोन मात्रा त्याच रुग्णालयात हाताशी हव्यात. ‘शहरात मिळतं, मागवता येईल’ हे चालत नाही.

टोसिलिझुमॅबनंतर दोन रिपोर्ट फसवतात. आयएल-६ ची पातळी आणखी वाढलेली दिसते, कारण ग्राहक बंद असल्यानं ते रक्तातच साठतं; आजार वाढला असं समजू नये. उलट सीआरपी कमी राहतो, कारण ते बनवायचा आदेशच अडलेला असतो. दुसऱ्या आठवड्यात खरा जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी शांत दिसू शकतो. तेव्हा कल्चर आणि रुग्णाकडे पाहायचं.

कार टी-पेशींचा मेंदूवरचा परिणाम ही वेगळी गोष्ट. टोसिलिझुमॅब मेंदूत फारसं पोचत नाही, तिथे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइडच लागतं. तो परिणाम वेळेत ओळखायला प्रौढ रुग्णाला रोज काही साध्या गोष्टी विचारतात : वर्ष-महिना कोणता, शहर आणि रुग्णालय कोणतं, तीन वस्तूंची नावं, शंभरापासून दहा-दहा कमी करत मोजणं, एखादी सूचना पाळणं, आणि एक वाक्य लिहिणं. सगळ्यात आधी बहुधा अक्षर बिघडतं. काल सरळ ओळीत लिहिलेलं वाक्य आज ओळ सोडून खाली घसरतं, काना-मात्रा सुटतात, कधी नुसत्या रेघोट्या उरतात. ते कागद केसपेपरला जोडून ठेवावेत, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरला कालचं अक्षर पाहता येतं. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी वागणुकीवर आधारित वेगळी गुणपद्धत आहे.

मज्जा साफ झाली, बी-पेशीही गेल्या

पेशी दिल्यानंतर तेविसाव्या दिवसाच्या सुमारास मज्जा तपासली. ल्युकेमिया दिसला नाही, सूक्ष्म तपासणीतही नाही. कार टी-पेशी मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातही सापडल्या आणि तिथे निदान सहा महिने टिकल्या. ही बारीक नोंद महत्त्वाची आहे : हा ल्युकेमिया बऱ्याचदा तिथे लपून बसतो, आणि त्यासाठी मुलांना कमरेतून वारंवार मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध द्यावं लागतं.

त्या पेशी टिकल्या म्हणजे त्या कामही करत राहिल्या, आणि सीडी१९ असलेली निरोगी बी-पेशीही त्यांना शत्रूच वाटते. एमिलीच्या रक्तात बी-पेशी उरल्या नाहीत. बी-पेशी नाहीत म्हणजे नवी प्रतिपिंडं नाहीत. बी-पेशींपासून आधीच बनलेल्या, प्रतिपिंडं सोडणाऱ्या काही प्लाझ्मा पेशींवर सीडी१९ नसतं, त्या वाचतात, म्हणून जुन्या संसर्गांची थोडी आठवण राहते. पण सायनस, फुफ्फुस, कान यांचे संसर्ग वाढतात. उपाय म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन नियमित देणं. रक्तातलं आयजीजी (मुख्य प्रतिपिंड) ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की बहुतेक केंद्रं ते सुरू करतात. जिवंत विषाणूंच्या लसी या काळात टाळायच्या.

बी-पेशींचा अभाव हा अपाय आहे आणि खूणही. तो टिकून आहे तोवर कार टी-पेशी पहारा देत आहेत. पहिल्या सहा महिन्यांतच बी-पेशी परतल्या तर डॉक्टर काळजीत पडतात. रुग्णाच्या नातेवाइकांना हे उलटं वाटतं : ‘पेशी वाढल्या, मग वाईट कसं?’

जिथे हे फसलं

त्याच २०१३ च्या अहवालात दुसरी एक दहा वर्षांची मुलगी आहे. तिचाही आजार गेला, पण दोनेक महिन्यांनी परतला, आणि परतलेल्या पेशींवर सीडी१९ नव्हतं. टी-पेशी होत्या, जिवंत होत्या, पण पकडायला खूणच उरली नव्हती. पुढच्या अभ्यासांत कारण समजलं : सीडी१९ च्या जनुकातला नेमका तो तुकडा वगळून प्रथिन बनवणाऱ्या पेशी निवडून वाचतात. म्हणून अशा रुग्णांसाठी सीडी२२ हे दुसरं लक्ष्य वापरतात, किंवा उतार पडलेला असतानाच प्रत्यारोपण करतात.

दुसरी घटना त्याहून चमत्कारिक, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली. वीस वर्षांच्या एका रुग्णाच्या पिशवीत टी-पेशींबरोबर ल्युकेमियाची एकच बी-पेशी गेली आणि लेंटिव्हायरसनं तिच्यावरही ग्राहक बसवला. तिनं आपल्याच पृष्ठभागावरचं सीडी१९ आपल्याच ग्राहकानं झाकून टाकलं. टी-पेशींना ती दिसेना. नऊ महिन्यांनी आजार परतला तो तिच्या संततीचा. पिशवीतल्या उरलेल्या बी-पेशींच्या तपासणीचं महत्त्व इथे कळतं.

एमिलीच्या निकालानंतर ज्या मोठ्या चाचणीवर हे औषध मंजूर झालं तिच्यात ७५ मुलं आणि तरुण होते. तीन महिन्यांत ८१ टक्क्यांत आजार दिसेनासा झाला, पण वर्षाअखेर आजार न उलटता जगणारे निम्मेच होते. सायटोकाइनचं वादळ ७७ टक्क्यांत आलं. ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधाला, म्हणजे टिसाजेनलेक्ल्यूसेलला, २५ वर्षांपर्यंतच्या रुग्णांसाठी मंजुरी दिली. त्याच दिवशी टोसिलिझुमॅबलाही या वादळासाठी मंजुरी मिळाली. किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर. २०२४ मध्ये या वर्गातल्या औषधांवर टी-पेशींचाच कर्करोग होण्याच्या विरळ शक्यतेचा इशारा छापणं बंधनकारक झालं. रुग्णाचा पाठपुरावा म्हणूनच आयुष्यभर करायचा असतो.

मुंबईतली बाजू

हेच तंत्र पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार यांच्या गटानं आणि टाटा मेमोरियल सेंटरनं मिळून उभं केलं. देशातल्या पहिल्या रुग्णाला जून २०२१ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात) या पेशी दिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला, नेक्सकार१९ ला, केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली. इथे ग्राहकाचं बाहेरचं टोक उंदराऐवजी मानवी प्रतिपिंडासारखं बनवलेलं आहे. चाचणीत ६४ रुग्ण होते आणि परिणाम मोजता आलेल्यांपैकी ७३ टक्क्यांत आजारानं प्रतिसाद दिला. सुरुवातीला खर्च ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात, म्हणजे परदेशाच्या सुमारे दहाव्या हिश्शात, सांगितला गेला होता. मंजुरी मात्र १५ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी होती, तेव्हा एमिलीच्या वयाच्या मुलाला या मंजुरीवर उपचार मिळाला नसता. लहान मुलांसाठी चाचण्यांमधून जावं लागतं.

रुग्णाला घेऊन जाण्यापूर्वी केंद्राला काय विचारावं, तर : पेशी काढल्यापासून चढवेपर्यंत किती दिवस लागतात, आणि तोवर आजार आवरायला कोणती केमो देणार? अतिदक्षता विभागातला पलंग राखून ठेवला आहे का? टोसिलिझुमॅबच्या मात्रा आत आहेत का, त्यांचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का? फ्लूडॅरॅबिन घेतलेल्या रुग्णाला लागणारं किरणोत्सर्ग दिलेलं रक्त मिळतं का? घरी सोडल्यावर रुग्णालयापासून दोन तासांच्या आत किती काळ राहायचं? पूर्वी अमेरिकेत हा काळ चार आठवडे होता, २०२५ मध्ये तो दोनवर आणला, पण सांगली-नांदेडहून आलेल्या कुटुंबानं महिनाभराची खोली धरूनच हिशोब करावा. ताप, बोलताना अडखळणं किंवा अक्षर बदलणं यातलं काहीही रात्री दोनला दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, आणि जवळच्या दवाखान्यात स्टिरॉइडची सुई घ्यायच्या आधी केंद्राला फोन करायचा. शिवाय इम्युनोग्लोब्युलिनचा खर्च, जो अंदाजपत्रकात बहुधा नसतो आणि बी-पेशी परतेपर्यंत दर महिन्याला येत राहतो.